नव्या बाईंची टीम

शाळांच्या पूल बांधायच्या स्पर्धेला चार दिवस उरले होते. प्रयोगशाळेच्या एका टोकाला माझी टीम, दुसऱ्या टोकाला नव्या बाईंची आणि त्यांच्या टीममध्ये माझीच लेक. त्यांचा काड्यांचा पूल वजन ठेवताच तिसऱ्यांदा मोडला, तरी पोरं खिदळत होती. बाई फक्त विचारत होत्या, “कुठून मोडला गं?” आणि लेक हातवारे करकरून समजावत होती. घरी माझ्याशी धड दोन वाक्यं बोलत नाही! माझा जळफळाट झाला. ती पाणी प्यायला बाहेर गेली, तशी मी मागोमाग जाऊन तिला गाठलंच. “अकरा वर्षं बक्षिसं आणतेय मी. तरी तुला त्याच बाई हव्यात?” “तुझ्या टीममध्ये पूल तूच बांधतेस, आई,” ती सहज म्हणाली आणि पळाली. मी तणतणत परतले. माझी चारही मुलं हाताची घडी घालून उभी होती. एकाने विचारलं, “बाई, पुढची काडी लावताय ना?”