पिवळी रेघ

पी-०३५३. दोन आठवड्यांत तिसऱ्यांदा बिघाडाचा तोच कोड. स्टिअरिंगखाली वायर जोडली, स्कॅनरची स्क्रीन उजळली आणि आकडा दात विचकत समोर उभा राहिला.

"निघाला ना तोच?" भाऊजी गॅरेजच्या दारातून म्हणाले. "अरे, परका मिस्त्री असता तर एव्हाना त्याची पाटी उतरवायला लावली असती मी."

भाऊजी म्हणजे मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्यांना उलटून बोलायची सोय नाही. वीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्ये घालवली आणि घरचीच गाडी त्याचं नाक कापत होती. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या तिसऱ्या कॉइलचं कनेक्शन तुटायचं, इंजिन थरथरायचं. की भाऊजींचं नातीला शाळेत सोडणं बंद! "असल्या गाडीत पोरीला नेऊ?" हे वाक्य आता सगळ्यांना पाठ झालं होतं.

"नीट बघ रे बाबा," ताई हळूच म्हणाली. "तू जुनाच माल घातलास, असं हे म्हणतात."

हे म्हणतात खरं, पण तिची नजरही तेच म्हणत होती. मिस्त्रीला ते फार लागलं.

त्याने बॉनेट उघडलं. त्याची एक सवय होती. कॉइलवर वायरीचा कनेक्टर बसवला की तो दोन्हींवरून रंगाची एक सलग पिवळी रेघ ओढायचा. कुणी हात लावला तर रेघ तुटणार. आज ती तुटली होती. क्लिप उघडून कनेक्टर जेमतेम टेकवून ठेवला होता आणि रंग खरवडला गेला होता. क्लिप काही आपण होऊन उघडत नाही. हे हाताचं काम होतं.

त्याला आधी ताईचाच संशय आला. गेल्या महिन्यात भाऊजींनी गाडी फाटकाला घासली, तेव्हापासून ताई त्यांच्या गाडी चालवण्यावर सारखी कुरकुरत होती. त्याने तिला बाजूला घेतलं.

"ताई, खरं सांग. तू बॉनेट उघडलं होतंस?"

"ते उघडतं कुठून हेसुद्धा मला माहीत नाही," ती फणकारली. "माझ्यावर कसला संशय घेतोस?"

मिस्त्रीने कनेक्टर खटकन बसवला. कोड पुसला. इंजिन अगदी शहाण्यासारखं चालू लागलं. त्याने स्कॅनरची वायर काढली, गुंडाळून खिशात टाकली.

"भाऊजी, झालं."

"झालं? बघू, दाखव मला."

भाऊजींनी त्याच्या हातातून स्कॅनर ओढून घेतला, आणि त्यांच्या अंगठ्याच्या नखात अडकलेला पिवळा रंग मिस्त्रीला दिसला.

त्याच्या डोक्यात सणक गेली. म्हणजे हा माणूस स्वतःच कनेक्टर काढतो आणि वर चारचौघांत माझं नाव खराब करतो! मी यांचं काय घोडं मारलंय? नातं गेलं खड्ड्यात, आज तोंडावर बोलायचंच, असं ठरवून त्याने तोंड उघडलं.

भाऊजींनी स्कॅनर डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. पुन्हा जवळ आणला.

"झालं म्हणे! हा काय, धडधडीत दिसतोय समोर. पी-शून्य-तीन-पाच-तीन," ते ठासून म्हणाले. "मी नाही नातीला बसवणार या गाडीत."

ताईने स्क्रीनकडे पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. मिस्त्रीच्या जिभेवर आलेले शब्द जागीच थिजले.

"हो भाऊजी, तोच आहे," तो म्हणाला. "गाडी राहू दे इथंच. उद्यापासून पोरीला मी सोडतो शाळेत."

भाऊजींनी सुटकेचा श्वास सोडला आणि स्कॅनर परत दिला. त्याची स्क्रीन काळीठिक्कर होती. वायर मिस्त्रीच्या खिशात होती.