पत्र्याखालची धार

गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकले, तेव्हा अंजनीचं घर आत राहिलं आणि गोठा बाहेर. ठोकणाऱ्यांच्या ते लक्षातही आलं नाही. नवऱ्याला, कोंडाजीला, साथीच्या तापाचा रुग्ण म्हणून गाडीत घालून नेलं होतं. मागोमाग बांबू आणि पत्रे आले.

काल संध्याकाळची धार चुकली. आज सकाळचीही चुकली. चिमी गोठ्यात सारखी हंबरत होती. रेडकू गेल्यापासून ती म्हैस अंजनीच्या हाताशिवाय पान्हा सोडत नसे, हे सगळ्या बदलापूर गावाला ठाऊक होतं.

"काकी, मना दोनदा लाथ मारली," बाहेरून पुतण्या जितेश म्हणाला. "कास दगडासारखी झालीय. हात लावू देत नाय."

अंजनीने पत्र्यावर मूठ आपटली. पलीकडे आरोग्य खात्याचा तरुण अधिकारी यज्ञेश पाहणीला आला होता.

"सायेब, गोठा समोरच हाय. तोंड बांधून येते, धार काढते, परत आत. तुमी हितंच उभं ऱ्हावा."

"काकी, साथरोग कायदा लागू आहे. कंटेनमेंट झोनमधून मला कोणालाही बाहेर सोडता येत नाही."

"कोनी अडवलंय सोडायला?"

"कायद्याने अधिकार दिलेत आम्हाला."

"मग अधिकार हाय ना तुमच्याकडं? सोडा की."

यज्ञेशने मास्क नीट केला. "मला अडवायचा अधिकार आहे. सोडायची ऑर्डर वरून येते. विचारलंय मी."

"कवा येनार?"

गोठ्यातून चिमी पुन्हा ओरडली.

"तिची कास सडंल तवर. ती मेली तर वरचा येनार हाय का भरून द्यायला?" अंजनीचा आवाज चिरकला. "जित्राब हाय वो ते! तिला कुठला ताप आलाय?"

"म्हशीला कोण अडवतंय?" यज्ञेशही आता वैतागला होता. "म्हशीवर बंदी नाही. तुमच्यावर आहे."

अंजनी पत्र्याच्या आणखी जवळ सरकली.

"नाय ना बंदी? जितेश, ऐकलंस? सोड तिला."

जितेशने दावं सोडलं. "चिमेऽऽ, ये गं बाय," अंजनीने आतून साद घातली. म्हैस पाय फाकवत, अवघडत आली आणि पत्र्याला अंग लावून उभी राहिली. गटाराच्या उतारावर पत्रा जमिनीला टेकत नव्हता. खाली हात-दीड हात फट होती. अंजनी चिखलात बसली. गाल तापलेल्या पत्र्याला टेकवून तिने दोन्ही हात खांद्यापर्यंत फटीतून बाहेर घातले. आधी कास चोळली. बोटं लागताच चिमी थरथरली, पण पाय उचलला नाही.

जितेश बादली घेऊन धावला.

"थांब!" यज्ञेश ओरडला. "काकींची टेस्ट झालेली नाही. त्यांच्या हातचं दूध बाहेर कोणाच्या घरी जाणार नाही. बादली बाजूला ठेव."

जितेशने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग पत्र्याखालून आलेल्या त्या दोन हातांकडे.

"ठेव रं बाजूला," अंजनी म्हणाली. "सायबाचा कायदा मोडू नको."

चिमीने पान्हा सोडला. दोन वेळचं दूध सरसर रस्त्यावर पडू लागलं. धुळीत आधी जिरलं, मग जिरेना. उतारावरून पांढरा ओघळ निघाला आणि यज्ञेशच्या बुटांकडे आला. तो एक पाऊल मागे सरला. ओघळ पुढे आला. तो आणखी मागे सरला.

हात थांबले नव्हते. आतून अंजनीचा आवाज आला,

"आता यालाबी अडवा, सायेब."