हरिहरेश्वरचा रोल

“हनुवटी जरा वर. हां, आता समुद्राकडे बघ!” म्हणत शशिकांतरावांनी खटका दाबला आणि रोल पुढे सरकवायची पट्टी अंगठ्याने ओढली.

पट्टी ओढली की कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूची चकती फिरायला हवी, एवढं कुमुदला पंचवीस वर्षांच्या संसारात बघून बघून कळलं होतं. आज चकती ढिम्म हलत नव्हती. म्हणजे सकाळी चष्म्याशिवाय भरलेल्या रोलचं टोक आत अडकलंच नव्हतं आणि एकही फोटो निघत नव्हता.

सांगायला तिने तोंड उघडलंही. पण सांगितलं असतं, तर कॅमेरा मखमली पिशवीत गेला असता आणि शशिकांतराव वर्तमानपत्रात. ज्या मायेने ते कॅमेऱ्याची काच पुसत, त्या मायेने आज तासभर ते तिच्याकडे बघत होते.

“माझा अंबाडा येतोय का हो?” विचारत ती पाठमोरी झाली.

“झकास!” खटका वाजला. “अगं, पण रोल संपत कसा नाही?”

“चांगल्या कंपनीचा असेल,” कुमुद म्हणाली आणि पलीकडच्या खडकावर जाऊन बसली.