अंगाईच्या मधोमध

"आई, तुझ्या यूट्यूब चॅनलवरची जाहिरात कोणी स्किपच करत नाहीये!" नीलने लॅपटॉप हेमाताईंच्या पुढ्यात सरकवला. "बाकीच्या चॅनलवर लोक पाच सेकंदांत पळतात. तुझ्या अंगाईच्या मधोमध लावलीय ना, ती शेवटपर्यंत बघतात."

हेमाताईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चढणारच. डोंबिवलीच्या भजनी मंडळाने ज्यांना कायम मागच्या रांगेत बसवलं, त्यांची अंगाई आता कुठकुठली बाळं ऐकत होती. त्या जाहिरातीच्या पैशांतून नातवाच्या बारशाचं जेवण व्हायचं होतं. जन्मात पहिल्यांदा त्या नवऱ्याला, आनंदरावांना, म्हणाल्या होत्या, "तुम्ही राहू द्या, मी देते."

"मधे अजून दोन टाकतो," नील म्हणाला. "मग बारशाला मस्त हॉलच घेऊ."

बाळंतपणाला माहेरी आलेली उर्वी शेजारीच गादीवर बसली होती. बाळ किरकिरायला लागलं तसं तिने मोबाइलवर अंगाई लावली, मोबाइल बाजूला ठेवला आणि त्याला मांडीवर घेतलं. एक हात मानेखाली, दुसऱ्याने थोपटणं. खरी आजी समोर बसलेली असताना मोबाइलमधली आजी गाऊ लागली.

दुसऱ्या कडव्याला बाळाचे डोळे मिटले. तेवढ्यात एक बाई कर्कश आवाजात फरशी पुसायचं लिक्विड विकू लागली. बाळ दचकलं, दोन्ही मुठी वर गेल्या आणि त्याने भोकाड पसरलं.

उर्वीने मोबाइलकडे पाहिलं. हातभर अंतरावर तर होता. पण मानेखालचा हात काढता येईना आणि थोपटणारा थांबवता येईना. बाईने सगळी फरशी चकचकीत करून दाखवली, तेव्हाच ती गेली.

"बघ, पूर्ण बघितली!" नील हसला.

हेमाताईंना हसू आलं नाही. त्यांना लाज वाटली, आणि वाईटही. "आवडते म्हणून बघत नाहीत रे बाया," त्या म्हणाल्या. "हात अडकलेले असतात त्यांचे. मधली काढून टाक. लावायची तर अंगाईच्या आधी लाव."

"अगं, आधी लावली तर सगळ्या स्किप करतील. बारशाच्या जेवणापुरतेही पैसे नाही सुटणार."

हेमाताईंनी रडणारं बाळ उचलून खांद्यावर घेतलं.

"करू देत," त्या म्हणाल्या. "निदान करता तरी येईल."