मोजणीच्या आधी

“एकोणीस नंबर, तीन. वीस नंबर, चार.” लसबाईंनी वही मिटली आणि गोठ्याच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. वीसच्या वीस गाईंवर गोचिडी मोजून तीन, नाहीतर चार. सलग चौथा शुक्रवार.

गोचिडींवरच्या लसीमागे सहा वर्षं हात धुऊन लागल्यामुळे सगळे त्यांना लसबाईच म्हणत. दहा गाईंना ती लस टोचली होती आणि दहा गाईंना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, ते फक्त संशोधन केंद्राच्या साहेबांना ठाऊक. टोचलंही त्यांनीच, आणि यादीचं पाकीट मोहोर लावून आपल्या कपाटात ठेवलं. दर सोमवारी प्रत्येक गाईवर पन्नास गोचिडी सोडायच्या आणि शुक्रवारी उरलेल्या मोजायच्या. लसवाल्या गाईचं रक्त प्यायलं की बहुतेक गोचिडी मरून पडायला हव्यात. पाणीवालीवर त्यांची चंगळ. पण इथे सगळ्या गाई सारख्याच चकाचक.

“म्हणजे तुमची लस काय नि मिठाचं पाणी काय, एकूण एकच,” साहेब म्हणाले. “पुढच्या शुक्रवारी शेवटची मोजणी. मग गाशा गुंडाळा.”

त्या शुक्रवारी लसबाईंचा पाय घरात ठरेना. अर्धा चहा तसाच टाकून त्या दोन तास आधीच गोठ्यावर पोचल्या. आत गाईंची देखभाल करणाऱ्या मावशी स्टुलावर बसल्या होत्या. सात नंबरच्या गाईचा कान एका हातात, चिमटा दुसऱ्या हातात. पायाशी रॉकेलचा डबा आणि डब्यात गोचिडींचा खच.

“मावशी! हे काय चालवलंय?”

मावशी दचकल्यासुद्धा नाहीत. “तुम्ही मोजायला येणार ना? पाहुणे यायच्या आधी आपण घर झाडतोच की. माझ्या गोठ्यात ढीगभर गोचिडी निघाल्या, तर नाक कोणाचं कापलं जाईल?”

“दर शुक्रवारी काढता?”

“तर! दोन-चार राहून जातात. नजर आता पहिल्यासारखी नाही.”

लसबाई वैरणीच्या गठ्ठ्यावर मटकन बसल्या. सहा वर्षं त्या डब्यात बुडालेली दिसत होती. ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात दुसरंच काही सुचलं.

“वीसही गाईंच्या काढता?”

“छे हो, माझी कंबर राहील का? या दहाजणींवरच लगडतात मेल्या. बाकीच्यांवरच्या आपोआप गळून पडतात. त्यांना काय साफ करायचं?”

लसबाई ताडकन उठल्या. “कुठल्या दहा? नंबर सांगा.”

मावशींनी बोटांवर मोजत नंबर सांगितले. लसबाईंनी ते तळहातावरच लिहिले आणि मावशींचा हात धरून त्यांना चिमट्यासकट साहेबांच्या खोलीत नेलं.

सगळं ऐकून साहेब आधी भडकले. मग कुतूहल आवरेना, म्हणून पाकीट फोडलं.

“दोन नंबर?” “पाणी.” “पाच?” “पाणी.” “सात?” “पाणी.” साहेबांच्या भुवया वर वर चढत गेल्या. ओळीने नऊ नंबर निघाले, नऊही पाणीवाले. लसबाईंनी तळहातावरचा शेवटचा नंबर वाचला.

“चौदा?”

साहेबांचं बोट यादीवर थांबलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू खुलला. “चौदाला लस आहे! आणि तिच्यावर गोचिडी? उलट तीन नंबरला नुसतं पाणी दिलंय, तर ती स्वच्छ! बघा बाई, हा निव्वळ योगायोग. इतकी ढळढळीत चूक असलेली लस मी पुढे पाठवणार नाही.”

लसबाईंनी तळहाताकडे पाहिलं. चौदाचा आकडा घामाने फिसकटला होता.

दाराशी मावशी चुळबुळल्या. पदराने चिमटा पुसला, पुन्हा पुसला.

“रागावू नका साहेब, पण चौदा सुईला फार भिते हो. म्हणून तिच्या पाळीला मी तीन नंबरलाच परत उभी केली. तुम्ही फोनवर बोलत बोलत टोचत होतात, मला वाटलं, तुम्हाला काय कळतंय!”