झाड उठलं का?

शाळेची व्हॅन येईपर्यंत आमच्या घरात रोज तेच भांडण. चार वर्षांची अंबुजा पांघरुणातून ओरडते, "बेडा अम्मा, नको! अजून रात्र आहे." मग मी खिडकीतल्या कुंडीकडे बोट दाखवते. "अय्यो, रात्री मिटलेलं लाजाळूसुद्धा पानं उघडून बसलंय बघ!"

परवा घाईघाईत माझ्या तोंडून निघून गेलं, "ज्या दिवशी झाड उठणार नाही, त्या दिवशी तुला सुट्टी."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

आज सकाळी बाईसाहेब डोळेही न उघडता म्हणाल्या, "आधी झाड उठलंय का बघ."

खिडकीत कुंडीच नव्हती.

"कपाटात झोपलंय ते," पांघरुणातून आवाज आला. काल संध्याकाळीच तिनं कुंडी माझ्या म्हैसूर सिल्कच्या साड्यांमागे ठेवून दार घट्ट लावलं होतं. आत ऊन नाही, म्हणजे सकाळ नाही, म्हणजे शाळा नाही! डोक्याचं कौतुक वाटलं, पण तिची शाळा बुडाली की माझं ऑफिसही बुडतं. मी हळूच कपाट उघडलं.

रात्रभर मिट्ट काळोखात राहूनही लाजाळूचं पान न् पान उघडं होतं.

"बघ गं राणी, घड्याळ त्याच्या अंगातच असतं. ऊन दिसलं नाही तरी त्याला सकाळ कळते."

अंबुजा पांघरूण गुंडाळूनच उठून आली. झाडाकडे बराच वेळ रागानं बघत राहिली. खाली व्हॅनचा हॉर्न वाजला.



"एवढी हौस आहे ना त्याला, मग त्यालाच पाठव शाळेत!"