अकरा सेकंदांची जप्ती

"सांगतो, पण पटायचं नाही तुम्हाला," निवृत्त तपास अधिकारी म्हणाले. "दार उघडल्यापासून अकरा सेकंदांत आरोपीचा फोन पिशवीत! एका हातात त्याची मान, एका हातात फोन, एका हातात पिशवी."

"हात किती होते, सर?" मागच्या बाकावरून आवाज आला. वर्ग खो-खो हसला. साहेबही हसले.

सायबर तपासाच्या वर्गात आज त्यांचीच जुनी केस होती. जप्तीच्या वेळच्या फोटोंवरून ते घर हुबेहूब उभं केलं होतं. डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवायचा, घरात शिरायचं आणि टेबलावरचा फोन सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत टाकायचा. मग बाहेरून कुणाला त्यातलं काही पुसता येत नाही.

पाचवा नंबर एका शिकाऊ फौजदार मुलीचा. हेडसेट चढवला आणि ती दारातच थांबली. निळा सोफा. कोपरा उडालेलं टेबल. भिंतीवर लग्नाचा फोटो, फक्त चेहरे पुसट केलेले. घर तिच्या ताईचं होतं.

"अहो बाई, शिरा आत! भिंती चावत नाहीत."

पुन्हा हशा. मागच्या बाकाने विचारलं, "सर, निकाल काय लागला?"

"सुटला की! बायको म्हणत होती, नवरा माझे नको ते फोटो विकतो. फोन बघितला तर कोरा! आता अकरा सेकंदांत पिशवीत गेलेला फोन पुसणार कोण? म्हणजे बाईच खोटारडी. कोर्टाने अशी झापली तिला, की भर कोर्टात रडली. माझे ते अकरा सेकंद नसते, तर बिचारा आत सडला असता."

मोठ्या पडद्यावर वर्गाला त्या मुलीचे संगणकातले हात दिसत होते. फोन उचलायचा सोडून त्यांच्या मुठी वळल्या होत्या.

"उचला ना! माझ्या वेळी एवढ्यात पंचनामासुद्धा—"

"खोटं."

तिने हेडसेट काढला नाही. त्या घरातच उभी राहून बोलली.

"मी होते तिथे. तुम्ही सोफ्यावर बसलात, 'लॉक काढून दे रे' म्हणून फोन भाऊजींच्याच हातात दिलात आणि माझ्याकडे पाणी मागितलंत. मी पेला घेऊन येईपर्यंत त्यांचं पुसून झालं होतं."